पालकांनी मिळून चालवायची बालवाडी : सोलापुरातल्या नव्या पालकांसाठी

नर्सरीची फी ऐकली की दोन-चार घरं एकत्र बसतात आणि कुणीतरी म्हणतं, "आपणच काढू की बालवाडी." कल्पना चांगली आहे. फक्त हिशेब बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतो : भाडं किती, ताईंचा पगार किती, सतरंज्या किती. कोणत्या घरातून किती तास मिळणार, हे कुणी विचारतच नाही. पालकांच्या सहभागावर चालणाऱ्या बालवाडीत फीचा एक हिस्सा रुपयांत भरायचा असतो आणि दुसरा वेळात. वेळेचा हिस्सा थकला की रुपयांचा पुरत नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कुलूप उघडतच नाही.

पद्धत अशी. शिकवायला एक पगारी ताई. तिच्या मदतीला रोज दोन पालक. खरेदी, हिशेब, खाऊ, झाडलोट, दुरुस्ती ही कामं घराघरांत वाटलेली. मालक कुणी नाही, सभासद सगळे. शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या पत्नींनी १९१६ साली अशी बालशाळा काढली, तिला अमेरिकेतली पहिली मानतात. न्यूझीलंडमध्ये १९४१ पासून पालकांनी चालवलेली 'प्लेसेंटर' आहेत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत काम सुरू केलं आणि बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पण पालकांनी स्वतः वर्गात ड्युटी करायची, ही गोष्ट आपल्या शहरात अजून सवयीची नाही. त्यामुळे खालच्या पायऱ्या शक्यतो त्याच क्रमाने घ्या.

१. रुपयांआधी तास मोजा

धरून चला : २० मुलं, आठवड्याचे ५ दिवस, वेळ सकाळी ९ ते १२. रोज २ पालक म्हणजे आठवड्याला १० ड्युट्या. २० घरांत वाटल्या की प्रत्येक घराला १५ दिवसांतून एक. एक ड्युटी ८:४० ते १२:२० अशी, म्हणजे पावणेचार तासांच्या आसपास. महिन्याला दोन धरल्या तर साडेसात तास. त्यात महिन्याची बैठक दीड-दोन तास आणि वाटून घेतलेलं एक काम (हिशेब, खरेदी, दुरुस्ती असं काही) दोन-तीन तास. एका घराचे महिन्याला ११ ते १३ तास होतात. हा आकडा पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहा. "जमेल तसं करू" म्हणणारं घर तिथेच थांबलेलं बरं; सप्टेंबरात थांबलं तर सगळ्यांना महाग पडतं.

आता हे तास सोलापुरातल्या घरांत बसवून पाहा. विडी वळणाऱ्या आईला कारखान्यात माल द्यायची वेळ ठरलेली असते. तिला ड्युटी कोणत्या दिवशी चालेल ते तिलाच विचारा, यादी करून हातात देऊ नका. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्या वडिलांना सकाळी ९ वाजता २० मुलांत बसवणं म्हणजे त्यांच्यावरही अन्याय आणि मुलांवरही. त्यांना शनिवारची दुरुस्ती, टाकीची सफाई, सामान आणणं द्या. नवी पेठेत दुकान असेल तर दिवाळीआधीचे १५ दिवस आणि लग्नसराई सोडून द्या, त्या ड्युट्या जून-जुलैत भरून घ्या. नोकरी करणाऱ्यांनी वर्षाच्या रजा कशा टाकणार ते आधीच सांगायचं.

आजी-आजोबा, मावशी, काका चालतात. अट इतकीच की एका घरातून जास्तीत जास्त दोनच माणसं, आणि ती ठरलेली. रोज नवा चेहरा आला की तीन वर्षांचं मूल बावरतं. आणि ड्युटी फक्त आयांनीच करायची असा अलिखित नियम होऊ देऊ नका; तो कुणी न करताच होतो.

२. किती घरं, कोणत्या वयाची मुलं

१६ ते २० घरं हा सोयीचा आकडा. १२ च्या खाली गेलात तर जवळजवळ दर आठवड्याला ड्युटी येते आणि लोक कंटाळतात. २४ च्या वर गेलात तर बैठकीची सभा होते. वय ३ पूर्ण ते ५. तीन आणि पाच वर्षांची मुलं एकत्र असलेली चांगली. मोठी मुलं चपला लावणं, हात धुणं हे लहानांना मोठ्या माणसांपेक्षा लवकर शिकवतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि पहिलीत जाताना मूल ६ वर्षांचं असावं असं म्हटलं आहे, त्यामुळे 'एक वर्ष वाया जाईल' ही भीती मनातून काढा.

३. फी कशी ठरवायची

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या पेठेतल्या भावाप्रमाणे बदला. रीत मात्र हीच ठेवा.

महिन्याचा खर्च : ताईंचा पगार १२,०००, भाडं ६,०००, साहित्य १,५००, वीज-पाणी १,२००, गंगाजळी २,०००. एकूण २२,७००. मदतनीस ठेवली (५,०००) आणि खाऊ विकतचा आणला (२० मुलं, रोज १२ रुपये, २२ दिवस : ५,२८०) तर हेच ३२,९८० होतात. म्हणजे झाडलोट आणि खाऊ पालकांनी अंगावर घेतला की प्रत्येक मुलामागे महिन्याला सुमारे ५१४ रुपये वाचतात. ड्युटीची किंमत विचारणाऱ्याला हा आकडा दाखवा.

दोन खड्डे इथे आहेत. पहिला खड्डा मे महिन्याचा. फी १० महिने येते, पण ताईंचा पगार आणि भाडं १२ महिने द्यावं लागतं. दोन महिन्यांचे ३६,००० दहा महिन्यांत वाटले की महिन्याला ३,६०० वाढतात : २६,३००. दुसरा खड्डा गळतीचा. बदली, गाव सोडणं, घरातलं आजारपण यांत दोन-तीन मुलं कमी होतातच. म्हणून भागाकार २० ने करू नका, १७ ने करा. २० ने १,३१५ येतात, १७ ने १,५४७. फी १,५५० ठेवा. वर्षअखेर उरलं तर परत द्या, कुणी नाराज होत नाही; मध्येच वर्गणी मागितली की होतात.

ज्यांना हप्त्याने पगार मिळतो त्यांच्याकडून फीही आठवड्याला घ्या. महिन्याच्या १ तारखेला एकरकमी मागाल तर ती थकेल. अनामत रक्कम एका महिन्याच्या फीइतकी पुरे, आणि ती परत कधी मिळणार हे पावतीवरच लिहा.

४. जागा आणि पाणी

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मुलामागे ३५ चौरस फूट आतली जागा हवी असा नियम आहे. त्या मापाने २० मुलांना ७०० चौरस फूट लागतात. दोन खोल्या आणि अंगण मिळालं तर उत्तम. तळमजलाच घ्या. पत्र्याचं छप्पर स्वस्तात मिळतं, पण एप्रिलमध्ये ११ वाजता त्या खोलीत मोठ्या माणसालाही बसवत नाही; स्लॅबचं घर शोधा, दोन हजार जास्त गेले तरी. शेजारी यंत्रमाग असेल तर वर्ग चालायच्या वेळी जाऊन आत उभे राहा. खटखटीत ताईंना घसा ताणून बोलावं लागत असेल तर ती जागा सोडा.

पाण्याचा हिशेब सोलापूरकरांना वेगळा सांगायला नको, पण बालवाडीसाठी तो लिहूनच करा. प्यायला रोज १० लिटर, हात-पाय धुणं आणि संडासला ११० लिटर. नळ चार-पाच दिवसांआड येणार असेल तर ६०० लिटरची झाकणाची टाकी लागते. आठवड्यातून एक दिवस टाकी, माठ, कुंड्यांखालच्या थाळ्या कोरड्या करायच्या. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. भरलेली बादली मुलांच्या हाताला येईल अशी कधीही ठेवू नका. वीतभर पाण्याच्या बादलीतही लहान मूल तोंडावर पडून बुडू शकतं. बादल्या वापरून झाल्या की पालथ्या.

बघायच्या बाकी गोष्टी पटकन : फाटकाला वरच्या बाजूला कडी, प्लग मुलांच्या हातापेक्षा वर, जिना असेल तर दार, गॅस वेगळ्या खोलीत.

५. कागदपत्रं

संस्था नोंदवायची असेल तर किमान ७ सभासद लागतात. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दोन्ही नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून होते. सोलापुरात हे कार्यालय आहे, पुण्याला जावं लागत नाही. अर्जासोबत ही तयारी ठेवा :

– संस्थेचं नाव (दोन-तीन पर्याय), उद्देशपत्र आणि नियमावली
– कार्यकारी मंडळाची यादी, सगळ्यांचे ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे
– जागामालकाचं संमतीपत्र
– पहिल्या बैठकीचा ठराव, सगळ्यांच्या सह्यांसह

त्यानंतर पॅन आणि बँक खातं. खात्यावर तिघांची नावं, पैसे काढायला कोणत्याही दोघांच्या सह्या. एकाच्या घरच्या खात्यावर किंवा त्याच्या मोबाइलवर फी गोळा करणं सोयीचं वाटतं आणि पहिलं भांडण तिथेच होतं. माणूस प्रामाणिक असला तरी होतं.

भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे झालं, हा गैरसमज सोडा. शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांच्या माहितीसाठी ऑनलाइन नोंदणी सुरू केली आहे. तीही करून घ्या. नोंदणी होईपर्यंत एखाद्या जुन्या मंडळाच्या किंवा ट्रस्टच्या छत्राखाली चालवायचं असेल तर त्यांचा लेखी ठराव घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका.

प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये हे हवं :

– जन्मदाखल्याची झेरॉक्स
– लसीकरण कार्डाची झेरॉक्स (काही राहिलं असेल तर तारीख लिहून घ्या)
– आधार असल्यास झेरॉक्स. नाही म्हणून प्रवेश अडवू नये
– कशाची अॅलर्जी, फिट येण्याचा इतिहास, चालू औषधं
– मुलाला न्यायला येणाऱ्या तीन माणसांची नावं, फोटो आणि फोन
– फोटो काढायला संमती आहे की नाही, याची सही
– पालक-करार : ड्युट्या किती, वाटून घेतलेलं काम कोणतं, फी, अनामत, सोडताना किती दिवस आधी सांगायचं

करार दोन पानांपेक्षा मोठा करू नका. बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, आणि गरज असेल तिथे तेलुगू, कन्नड किंवा हिंदीत समजावून सांगा. सही केली म्हणजे वाचलं असं होत नाही.

ताई आणि नेहमी येणारी मदतनीस यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. ड्युटीच्या पालकांसाठी एक साधा नियम पुरतो : कुणीही मोठं माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड एकटं राहणार नाही, संडासला नेतानाही दार उघडं. मुलावर अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आपल्यातलंच आहे, मिटवून टाकू' हा पर्याय समितीला नाही; न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे दोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावा.

६. ताई कुणाचं ऐकणार

ही सगळ्यात नाजूक जागा आहे. बैठकीत पालक ताईंचे नोकरीदाते असतात. वर्गात तेच पालक ताईंचे मदतनीस असतात. हा पालट रोज सकाळी दारातच व्हायला हवा, आणि तो आपोआप होत नाही.

नियम दोनच. वर्ग चालू असताना ताईंचा शब्द शेवटचा. पटलं नाही तर त्या वेळी गप्प बसायचं. आणि तक्रार, सूचना, "आमच्या हिला जरा पुढे बसवा" हे सगळं पालकांतल्याच एका समन्वयकाकडे जायचं, ताईंच्या फोनवर नाही. २० घरांचे २० मालक झाले की चांगली ताई तीन महिन्यांत दुसरीकडे नोकरी बघते. समन्वयक दर सहा महिन्यांनी बदला आणि आठवड्यातून एकदा ताईंबरोबर अर्धा तास बसवा.

अभ्यासाचंही पहिल्याच बैठकीत ठरवा. "वही कधी भरणार? एबीसीडी कधी?" हा प्रश्न जुलैत येतोच, बहुधा आजोबांकडून. खेळ, गाणी, गोष्टी, माती, रंग, मोजणं, बोलणं यांतूनच पुढच्या लिहिण्यावाचण्याची तयारी होते. तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिल पकडायला लावून गिरवण्याची पानं भरून घेतली तर हात दुखतो, आणि मूल वहीला घाबरायला शिकतं. हे ज्यांना अजिबात पटत नाही त्यांच्यासाठी शहरात दुसऱ्या शाळा आहेत, हे गोड शब्दांत सांगून टाका.

७. ड्युटीचा दिवस

८:४० : पोहोचायचं. साडीचा पदर किंवा ओढणी खोचलेली, नखं कापलेली, फोन पिशवीत. विड्या वळून किंवा तंबाखू हाताळून आला असाल तर हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, कपडे बदललेले असले तर अधिक चांगलं. फाटकाची कडी, संडासची फरशी कोरडी, टाकीत पाणी, अंगणात काच-खिळा नाही, हे बघायचं.

९:०० : मुलं मोजायची. आकडा फळ्यावर. पुन्हा १०:३० ला, अंगणातून आत येताना आणि १२ ला. "दिसतायत की सगळी" हे मोजणं नव्हे.

९:१५ ते १०:१५ : एक पालक एका जागी बसतो, जमिनीवर. मातीपाशी बसलात तर मातीपाशीच. उभं राहून वरून लक्ष ठेवणारं माणूस वर्गात काहीच कामाचं नसतं. तुमचं काम काय? समजा एक मुलगी यंत्रमागाचे रिकामे कोन (सूत गुंडाळायचे कागदी शंकू) एकावर एक रचतेय. चौथा कोन पडतो. तुमचा हात पुढे जाईल. तो मागे घ्या. ती परत रचेल, परत पाडेल, मग रुंद तोंड खाली करून बघेल. तुम्ही मधेच उभा करून दिलात तर ती तुमच्याकडे बघून टाळ्या वाजवेल आणि कोनांपासून निघून जाईल. बोलायचंच असेल तर "आता कुठला ठेवणार?" एवढंच.

१०:३० : हात धुणं, खाऊ. ११:०० : अंगण. दोघांपैकी एक फाटकापाशी, एक मुलांत. दोघांनी मिळून गप्पा मारत बसायचं नाही. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे मोडतात.

११:३० : गोष्ट, गाणी. इथे घरची भाषा येऊ द्या. साखर पेठेतली आजी तेलुगूत गाणं म्हणत असेल तर म्हणू द्या. अक्कलकोटकडची आई कन्नडमध्ये मोजत असेल तर सगळी मुलं तसं मोजतील. मुलांचा गोंधळ होत नाही, मोठ्यांचाच होतो.

१२:०० : यादीतल्या माणसाच्याच हातात मूल द्यायचं. ओळखीचा रिक्षावाला असला तरी यादीत नाव नसेल तर आईला फोन. १२:२० पर्यंत झाडणं, भांडी, कचरा, चावी.

आणि एक गोष्ट हमखास होते. तुमच्या ड्युटीच्या दिवशी तुमचंच मूल सगळ्यात जास्त रडेल, मांडीवरून उतरणार नाही, दुसऱ्या मुलाला जवळ घेतलंत तर ढकलेल. पहिल्या दोन-तीन ड्युट्यांत हे चालायचंच. त्याला ओरडू नका, आणि "इतर दिवशी असंच करतो का?" असं ताईंना दहा वेळा विचारू नका. एका जागी बसून राहा. ते स्वतःच उठून जातं.

वर्गात पाहिलेलं बाहेर जात नाही. कुणाचं मूल अजून चड्डीत शू करतं, कोण चावतं, कुणाच्या डब्याला वास होता, हे जिन्यात, किराणा दुकानात, व्हॉट्सअॅपवर येता कामा नये. एकदा आलं की त्या घराचा विश्वास परत मिळत नाही. ग्रुप दोन ठेवा : एक फक्त सूचनांचा, ज्यात समन्वयकच लिहील, दुसरा गप्पांचा, ज्यात नसलं तरी चालतं. इतरांच्या मुलांचे फोटो स्टेटसला नाहीत.

८. खाऊ

२० मुलं आणि ३ मोठी माणसं धरली तर पोह्यांना कोरडे पोहे १ किलो, उपम्याला रवा १ किलो, मटकीच्या उसळीला कोरडी मटकी अर्धा किलो (आदल्या दिवशी भिजवून मोड आणलेली). केळी दीड डझन, प्रत्येकी अर्धं आणि मागणाऱ्यांना आणखी. तिखट कमी, घरचं काळं तिखट आपली मुलं खातात, पण शेजारची खात नाहीत.

शेंगदाणे इथे प्रत्येक पदार्थात पडतात, म्हणून हे नीट वाचा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या, अख्खी द्राक्षं द्यायची नाहीत. हसता-पळताना श्वासनलिकेत अडकतात. बारीक कूट चालतं. पण एखाद्याला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर त्या वर्षी कूटही बंद आणि शेंगा चटणीही बंद, सगळ्यांसाठीच. वाढदिवसाचा केक, चॉकलेट वर्गात नको; त्यापेक्षा त्या दिवशी त्या घराने शिरा आणावा. रमजानमध्ये रोजा असलेल्या घरांची खाऊची पाळी पुढे ढकला, त्यांनी मागायची वाट बघू नका.

९. साहित्य

विकत आणायच्या आधी शहराकडे बघा. सुताचे रिकामे कागदी कोन, टॉवेल-चादरीचे तुकडे, युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांतल्या चिंध्या, बटणांचे रिकामे डबे : मागितलं तर बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं. कापड दोनदा धुवा; कच्चा रंग पाण्यात उतरत असेल तर टाकून द्या, मुलं कोपरा चोखतात. ऑइलचा डाग असलेला कोन नको. बटणं, मणी, लहान बॉबिन तीन वर्षांच्या मुलांपासून लांब.

खेळायची कणीक घरीच करा : मैदा २ वाट्या, मीठ १ वाटी, तेल २ चमचे, पाणी लागेल तसं (साधारण १ वाटी), हळद किंवा बिटाचा रस. आपल्या कोरड्या हवेत ती तासाभरात कडक होते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. तीन-चार दिवसांनी वास आला की फेका. मातीसाठी काळी रान-माती नको, ती बोटांना चिकटते आणि वाळली की तडकते. शाडू किंवा लाल माती चाळून घ्या.

१०. पहिले दोन आठवडे

सगळी २० मुलं एकाच दिवशी आणाल तर ती एकमेकांचं बघून रडतील. पाच-पाचचे चार गट करा. पहिले तीन दिवस एक तास, घरचं माणूस आत बसलेलं. मग दीड तास, माणूस अंगणात. दुसऱ्या आठवड्यात गट जोडत जा. निघताना सांगूनच निघायचं. मुलाचं लक्ष नाही बघून मागच्या दाराने पळणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महाग उपाय आहे. दुसऱ्या दिवशी मूल दारच सोडत नाही.

आजारपणाचे नियमही याच काळात सांगा. औषध न देता २४ तास ताप नसेल तरच पाठवायचं. जुलाब थांबून एक पूर्ण दिवस जायला हवा. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. डोळे आले असतील तरी घरी. ड्युटीच्या पालकालाही हेच लागू.

११. ड्युटी चुकली तर

बहुतेक ठिकाणी पहिला उपाय सुचतो तो दंडाचा : चुकली की २०० रुपये. करू नका. दंड ठेवला की ज्यांच्याकडे पैसे आहेत ती घरं दंड भरून मोकळी होतात, त्यांना चुकल्यासारखंही वाटत नाही, आणि ड्युट्या गरीब घरांवर येतात. त्यापेक्षा अदलाबदल ठेवा. येता येत नसेल तर आपणच दुसरं घर शोधायचं, समन्वयकाला फक्त कळवायचं, आणि ती ड्युटी त्याच महिन्यात फेडायची. रोज एक राखीव नाव यादीत असावं. सकाळी ७ ला मूल तापलं तर त्या नावाला फोन. तीन ड्युट्या फिटल्या नाहीत तर समन्वयक आणि आणखी एक पालक घरी जाऊन बोलतात. बरेचदा कारण खरं असतं : सासू आजारी, कारखान्यात पाळी बदलली. त्या घराला वेगळं काम द्या. कारण नसेल तर करारात लिहिल्याप्रमाणे पुढच्या सत्रात जागा नाही.

वर्गात सतत आवाज चढवणारं किंवा हात उगारणारं पालक मात्र पहिल्याच वेळी ड्युटीवरून काढा. यावर मतदान नको.

१२. सुट्ट्यांचं वेळापत्रक जूनमध्येच

ड्युटीची यादी करताना समोर कॅलेंडर ठेवा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक असते, तेव्हा निम्मी घरं बाळीवेस ते सिद्धेश्वर अशी फिरत असतात. ते तीन दिवस सरळ सुट्टी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, आषाढीला पंढरपूर, नवरात्रात रूपाभवानी, दोन्ही ईद : ज्या घराचा सण त्या घराला त्या आठवड्यात ड्युटी नाही. मार्चच्या मध्यापासून वेळ ७:३० ते १०:३० करा, अंगण आधी आणि खाऊ नंतर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ओढत नेऊ नका.

एप्रिलच्या शेवटच्या बैठकीत हिशेब वाचला जातो, प्रत्येक पावतीसह. वह्या, बँकेचं पासबुक, करारांची फाइल, साहित्याची यादी आणि चाव्यांचे दोन जोड नव्या समितीकडे सही घेऊन द्या. पुढच्या वर्षी येणाऱ्या घरांपैकी दोघांना याच बैठकीला बोलवा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातली एक ड्युटी जुन्या पालकाबरोबर जोडीने करायला लावा.